जेवणाच्या खोलीतलं मांजर

३ मार्च १९९४
टपालात टाकलेलं

प्रिय हॉलिस,

तुझा गुडघा कसा आहे? थंडी सरताना तो जास्त ठणकतो. बाबांचाही असाच ठणकायचा. डॉक्टरांनी दिलेला पट्टा बांधतोस, की खुंटीला टांगून ठेवलायस? जुनेलची साखर आटोक्यात आहे ना? तिला सांग, पीचचा मुरंबा दुसऱ्यांना वाढायचा आणि आपण नुसता पळीच चाटायचा, ही हुशारी साखरेला कळते. टॅमराचे दिवस भरत आले असतील. पाय सुजतात का पोरीचे? उशीवर उंच ठेवून निजायला सांग. लुव्हेनिया आत्याच्या मोतीबिंदूचं काय ठरलं? मागे भेटायला गेले तेव्हा तिने मला पाद्री समजून पापं सांगायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, मी बराच वेळ ऐकून घेतलं. आणि म्हातारा ड्यूक? अजून पोस्टमनवर भुंकतो, की आता नुसती मान उचलून काम भागवतो? भुंकत असला तर बरं. माझं पत्र आलं, एवढं तरी तुला कळेल. पुढे ते उघडणं न उघडणं तुझ्यावर.

मी ठीक आहे. रक्तदाबाची गोळी घेते, मीठ कमी केलंय, कोर्टात जाते.

पत्राचं कारण असं की आमच्या ऑफिसचे मि. लिटल गेल्यापासून त्यांची तळ्याकाठची झोपडी रिकामी पडून आहे. किल्ली माझ्याकडे असते. मार्चात मासे चांगले लागतात म्हणे. तू आठ-पंधरा दिवस रजा काढ आणि जुनेलला घेऊन तिथे जा. मी वाटलं तर येईन, नको असेन तर येणार नाही. पण तू जा. या आठवड्यातच जा.

आणि कामावर दुपारचा डबा उघड्यावर बसून खात जा. गुडघ्याला ऊन चांगलं.

उत्तराची वाट पाहते.

तुझी सिस,
अर्डिथ

३ मार्च, त्याच संध्याकाळी
न टाकलेलं

हॉलिस,

ते पत्र पेटीत टाकून घरी आले आणि कोट न काढताच बसले. मासे! अरे, मी पाण्याला भिते हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? लहानपणी तू मला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडायचास, आणि मी डोळे मिटून तुझे केस ओढायचे. आता मी तुला मासे धरायला बोलावते आहे. तुला शंका आली तर बरं, आणि आली तर माझं मरण.

जे तुला सांगता येत नाही ते इथे लिहिते. हे शिवणाच्या पेटीत राहील.

तुमच्या कारखान्यात मागच्या वर्षी टँकर भरताना अर्ल प्रुइट हा ड्रायव्हर गेला, आठवतं ना? नळ तुटला, अमोनिया सुटला, माणूस जागच्या जागी गुदमरला. त्याच्या बायकोची, ओलेटाची, वकील मी. दावा तुमच्या कंपनीवर. गेल्या आठवड्यात कोर्टाच्या परवानगीने आम्ही आत तपासणीला आलो. मी, आमचा इंजिनिअर झेलिन्स्की, आणि कंपनीचा वकील व्हिटफील्ड त्याची पलटण घेऊन.

तू फाटकाशी उभा होतास. मला पाहून टोपी खाली ओढलीस. मीही न थांबता पुढे गेले. लोकांना वाटलं असेल, क्रेनशॉंची भावंडं जुनं भांडण पाळताहेत. पाळतोच आहोत. पण मी थांबले असते तरी मला बोलता आलं नसतं. तू कंपनीचा फोरमन, म्हणजे कंपनीचा वकील तोच तुझा वकील. समोरच्याच्या अशिलाशी खटल्याबद्दल एक अक्षर बोलले, तर माझी सनद जाते. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही.

मोठ्या टाकीपासून टँकरच्या धक्क्यापर्यंत जाणारा नळ आम्ही चालत चालत पाहिला. तो तुमच्या जेवणाच्या खोलीवरून जातो. वरून पांढरं वेष्टण आहे, लग्नातल्या केकसारखं गुळगुळीत. झेलिन्स्की शिडीवर चढला, वेष्टणाचा एक तुकडा उचलला आणि आत अंगठा फिरवला. आईच्या बिस्किटांचे पापुद्रे कसे सुटायचे? तसं लोखंड सुटलं. तो शिडीवरून उतरला आणि मला म्हणाला, "बाई, आपण इथून जरा लांब उभं राहूया."

मी लांब सरकले आणि खिडकीतून खोलीत पाहिलं. टेबलावर निळा डबा होता, एका बाजूने चेपलेला. जुनेलने कारखाली घेतलेला. तुझा.

घरी गेल्या गेल्या फोन उचलायला हवा होता. पण तपासणीच्या आधी मी एका कागदावर सही केली आहे: आत जे दिसेल ते कोर्टाबाहेर कोणाशीही बोलायचं नाही. असली सही आम्ही वकील उठता बसता करतो. फाटक लवकर उघडतं, कंपनी भांडत बसत नाही. मीच तो मसुदा सोपा करून दिला, "कोणाशीही" हा शब्दसुद्धा माझाच. सरकारी तपासनीसही त्यातच आला. आता न्यायाधीशांनी त्याचा आदेश केलाय. तो मोडला तर नुसती माझी सनद नव्हे, ओलेटाचा खटलाही बुडतो.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. उद्या न्यायाधीशांकडे अर्ज घालते, आदेश सैल करा म्हणून. तोवर मासे.

२१ मार्च
टपालात टाकलेलं

प्रिय हॉलिस,

जुनेलचं कार्ड मिळालं. लुव्हेनिया आत्याचा डोळा उघडला, आणि पट्टी काढताच ती नर्सला "तू एवढी जाडी आहेस हे मला कोणी सांगितलं नव्हतं" म्हणाली, हे वाचून मी एकटीच हसले.

तुझा निरोपही मिळाला. "सिसला मला कामावरून उठवायचंच असेल तर खटला भर म्हणावं, तिला सवय आहे." बरं. टोमणा पोचला. मोज्यांच्या गिरणीचं तू विसरणार नाहीस, मीही विसरत नाही. धुळीने ज्यांची फुप्फुसं गेली त्यांच्या बाजूने मी उभी राहिले. गिरणी हरली आणि मग बंद पडली. "तू खटला जिंकलास आणि गाव हरलं," असं तू आईच्या जेवणाच्या टेबलावर म्हणालास आणि ताट सोडून गेलास. मी आजही तोच खटला लढेन. पण तेव्हापासून ईस्टरच्या जेवणाला माझ्यासमोरची खुर्ची रिकामी असते आणि तिच्यावर मी माझी पर्स ठेवते, हेही खरं.

मासे नको असतील तर दुसरं सांगते. माझ्या छपराला गळती लागली आहे. सुतार मिळत नाही. तू ये. मजुरी देईन, आणि रोज मक्याची भाकर आणि ताक. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण तू तर माझ्या घरचं पाणीही पीत नाहीस. एवढं कशाला?

लवकर ये. छप्पर थांबणार नाही.

तुझी सिस,
अर्डिथ

३० मार्च
न टाकलेलं

छप्पर शाबूत आहे, हॉलिस. वर एक कौलही हललेलं नाही. कोर्टात उभी राहून सगळी हयात साक्षीदारांचं खोटं उलगडलं, आणि आता पोस्टाच्या तिकिटाला खोटं चिकटवून पाठवते आहे.

आज न्यायाधीश ॲबरनॅथींच्या खोलीत अर्जावर सुनावणी झाली. दार बंद करून. आत मी, व्हिटफील्ड आणि टंकलेखिका.

न्यायाधीश म्हणाले, "मिस क्रेनशॉ, तुमचा तज्ज्ञ म्हणतो नळ फुटेल. कधी?"

"तारीख सांगता येत नाही, महाराज. आतून खाल्लेलं लोखंड कोणाला विचारून फुटत नाही."

"म्हणजे कदाचित दहा वर्षांनी."

"कदाचित आज जेवणाच्या सुट्टीत."

व्हिटफील्ड हसला. तो फार सुरेख हसतो, ज्यूरीतल्या बायका त्याला लिंबूपाणी आणून देतील असा. "गंज म्हणजे गंज, महाराज. माझ्या अंगणातल्या झोपाळ्यालाही चढलाय. नातवंडं झुलतातच की त्यावर."

"मग नातवंडांना त्या खोलीत जेवायला पाठवा," मी म्हणाले.

"मिस क्रेनशॉ, बसा," न्यायाधीश म्हणाले. मी उभी आहे हे मला तेव्हा कळलं.

निकाल असा: कंपनीने आपला तज्ज्ञ आणून नळ पाहावा, मे महिन्यात त्याचं म्हणणं ऐकू, तोवर आदेश जसाच्या तसा. न्यायाधीश वाईट माणूस नाहीत. त्यांच्यापुढे कागदावर एक इंजिनिअर भितो आहे आणि समोर एक वकील हसतो आहे, आणि हसणाऱ्याकडे पाहणं सोपं जातं.

बाहेर व्हऱ्हांड्यात व्हिटफील्डने माझा कोपर धरला. "मिस अर्डिथ, वाईट वाटून घेऊ नका. लोक कायदा कॉलेजात शिकतात, तुम्ही टाईपरायटरशी बसून शिकलात. म्हणून जरा मनाला लावून घेता."

"टाईपरायटरशी बसून एक शिकले, चूक झाली की कुठे झाली ते बोटालाच कळतं," मी म्हणाले. बरं झालं तेवढं तोंड चाललं, कारण पुढे त्याने आवाज खाली आणला.

"तुमचा भाऊ आहे ना तिथे? मला माहीत आहे. म्हणून आधीच सांगतो. एक शब्द त्याच्या कानी गेला, तर तपासणीत सापडलेलं सगळं मी खटल्यातून बाहेर काढायला लावीन. मग त्या विधवेकडे काय उरेल? नवऱ्याचा फोटो."

तो धमकी देत नव्हता, हॉलिस. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं. म्हणून तर मला भीती वाटली.

पहिल्या खटल्याच्या दिवशी मी कोर्टाच्या मोरीत जाऊन उलटी केली होती. मि. लिटल दाराबाहेर खारी बिस्किटं घेऊन उभे. म्हणाले, "ज्या वकिलाला भीती वाटत नाही ना, त्याने कागद वाचलेले नसतात." त्यांच्या ऑफिसात मी तीन वर्षं टाईप करता करता कायदा वाचला, आणि मग परीक्षेला बसून सनद मिळवली. नंतर मी बँका पाहिल्या, ब्रेक न लागणाऱ्या ट्रकांचे कारखाने पाहिले, कच्चं सिमेंट वापरून पूल बांधणारे ठेकेदार पाहिले. प्रत्येक वेळी बिस्किट खाल्लं आणि आत गेले. पण ती सगळी भीती हरण्याची होती. ही तशी नाही. रोज दुपारी तुमचा जेवणाचा भोंगा व्हायची वेळ झाली की मी हातातलं काम ठेवते आणि खिडकीशी उभी राहते. इथून तुमचं गाव दिसत नाही, भोंगा ऐकू येत नाही. तरी उभी राहते.

१२ एप्रिल
न टाकलेलं

व्हिटफील्डने तडजोड पाठवली आहे. रक्कम मोठी आहे. ओलेटाचं घर तिचं होईल, पोरं शिकतील. अट एकच: खटला बंद, आणि जे पाहिलं ऐकलं ते कायमचं बंद. मी, झेलिन्स्की, ओलेटा, सगळ्यांची तोंडं शिवायची.

असा प्रस्ताव आला की तो अशिलापुढे ठेवणं माझं काम. घ्यायचा की नाही, हे ठरवणं तिचं. मी तिला भरीला घालायचं नाही, माघारीही ओढायचं नाही. आणि माझा जीव दुसऱ्या कशात अडकला असेल तर तेही तिला सांगायचं. म्हणून आज तिला ऑफिसात बसवलं, प्रस्ताव वाचून दाखवला, आणि म्हणाले, "ओलेटा, आता मी सांगते ते नीट ऐक. त्या नळाखाली रोज माझा भाऊ जेवतो. त्यामुळे मी तुला जो सल्ला देईन तो सरळ असेलच, असं मला स्वतःलाच सांगता येत नाही. तुला दुसरा वकील हवा असेल तर मी आत्ता शोधून देते. राग मानणार नाही."

ओलेटा शाळेच्या बसवर ड्रायव्हर आहे. बोलण्याआधी आरशात पाहावं तशी डावीकडे उजवीकडे पाहते. तिने पाहिलं.

"भावाला ठाऊक आहे?"

"नाही. सांगायची मला बंदी आहे."

"आणि मी हे पैसे घेतले तर?"

"तर कायमचीच."

ती पर्स उघडून बंद करत बसली. मग म्हणाली, "मिस अर्डिथ, माझ्या धाकट्याचे दात वाकडे आहेत. डॉक्टर म्हणतो, याच वर्षी तार बसवा. मला थोडा विचार करू द्या."

"कर. हक्क आहे तुझा."

आणि हक्क आहेच, हॉलिस. तिने हो म्हटलं तर मी तिच्यावर रागावणार नाही. मी तिच्या जागी असते तर वाकड्या दातांकडेच पाहिलं असतं. पण ती दार ओढून गेली, आणि मला वाटलं, माझ्या भावाचा जीव एका शहाण्या, कनवाळू बाईच्या पर्समध्ये आहे आणि मी तिला तो मागूही शकत नाही.

रजेचं काय केलंस? छपराचं उत्तर आलं नाही.

२० एप्रिल १९९४
हातोहात

प्रिय हॉलिस,

आधी सगळ्यांची खुशाली. टॅमराला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे जुनेलच्या कालच्या कार्डात वाचलं. बाळाला तुझे कान मिळाले म्हणे. देव तिला केसही भरपूर देवो. जुनेलची साखर उतरली, आत्या आता चष्म्याशिवाय सगळ्यांना नावं ठेवते, ड्यूक जेवतो. सगळं वाचून डोळे भरून आले.

पण त्याच कार्डात खाली, जागा उरली म्हणून, जुनेलने लिहिलं आहे: "हॉलिसला आठवडाभर खोकला आहे. जेवणाच्या खोलीत अलीकडे मांजर मुतल्यासारखा वास फार येतो म्हणतो. कामावरची पोरं म्हणतात वर छपरात मांजर राहतं. तिला डचेस नाव ठेवलंय आणि कोपऱ्यात खरंच दुधाची बशी ठेवतात. जो उशिरा येईल त्याने डचेसला दूध घालायचं. धोक्याची घंटा सारखी किणकिणायला लागली म्हणून हॉलिसने तिच्या तोंडात फडकं कोंबलंय. तुम्हाला हसू येईल म्हणून लिहिलं."

मी ते उभ्याने वाचलं आणि तशीच कोर्टाकडे निघाले.

तुम्ही बावळट नाही. तो वास कशाचा हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? तुम्हाला सवय झाली आहे. "ज्या दिवशी वास येणार नाही त्या दिवशी पगार येणार नाही," असं तूच म्हणायचास. आपल्या गावाची रीतच ही. ज्याची भीती वाटते त्याला नाव ठेवायचं, बशीत दूध घालायचं आणि पुढचा घास घ्यायचा. गिरणीतली माणसंही धुळीला "पीठ" म्हणायची.

न्यायाधीश दौऱ्यावर आहेत, सोमवारच्या आधी परतत नाहीत. मी तातडीचा अर्ज त्यांच्या कारकुनाकडे दिला आहे. तो म्हणाला, "सोमवारी पहिला तुमचा, बाई." सोमवारपर्यंत तुमच्या किती जेवणाच्या सुट्ट्या होतात, ते मी मोजणार नाही.

यापुढे मी जे लिहिणार आहे ते लिहिण्याआधी ओलेटा प्रुइटला विचारायला हवं होतं, कारण किंमत तिलाच मोजावी लागणार. कार्ड घेऊन तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. मी वाचून दाखवलं. मांजराच्या बशीपाशी आले आणि तिचे हात थांबले.

मी म्हणाले, "मी भावाला सांगितलं तर आदेश मोडतो. व्हिटफील्ड पुरावा बाहेर काढायला लावील, तडजोडही मागे घेईल. तुझ्या हाती काही न उरण्याची भीती आहे. माझी सनद गेली तर तुला मध्येच नवा वकील शोधावा लागेल. तू नाही म्हणालीस तर—"

"तर तुम्ही नाही सांगणार?"

हॉलिस, कोर्टात मला असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी खरं तेच सांगितलं. "ठाऊक नाही, ओलेटा. म्हणून आधी तुझ्याकडे आले."

ती बटाट्याचे डोळे काढत राहिली. मग म्हणाली, "अर्ल गेला त्या दिवशी मी त्याला हॅम आणि गोड रताळं दिलं होतं. त्यांनी मला डबा परत आणून दिला. उघडून पाहिला, तर रिकामा. सगळं खाल्लं होतं. मिस अर्डिथ, मला अजून त्याचंच बरं वाटतं. निदान जेवून गेला. असलं बरं वाटणं तुमच्या भावजयीच्या वाट्याला नको." आणि बटाटे पाण्यात टाकून म्हणाली, "दात काय, मोठेपणीही सरळ करतात. लिहा तुम्ही."

लिहिते.

हॉलिस, तुमच्या जेवणाच्या खोलीवरून जाणारा नळ वेष्टणाच्या आतून खाल्ला गेला आहे. मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्या इंजिनिअरच्या अंगठ्याने लोखंड सुटलं. वास येतो तो तिथूनच येत असावा. आज त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. कोणालाही टाकू देऊ नकोस. घंटेतलं फडकं काढ. मग तुमच्या युनियनला सांग, आणि सरकारी तपासनीसाला फोन कर. नंबर मागच्या पानावर लिहिला आहे. कंपनी म्हणेल ही वकीलबाईची चाल आहे. तू म्हण, असेल, पण आधी वेष्टण उघडून दाखवा, मग जेवायला बसतो.

मासे आणि छप्पर दोन्ही खोटं होतं. एवढंच खरं होतं.

हे तोंडाने सांगता आलं असतं. मी तुमच्या दारात उभी राहून बोलले असते, आणि पुढे न्यायाधीशांनी विचारलं असतं तर "कोण म्हणतं?" म्हणून हात वर केले असते. पुष्कळ शहाणे वकील असंच करतात. पण मी आयुष्यभर लोकांना शपथेवर खरं बोलायला लावलं. म्हणून कागदावर लिहिते, सही करते, आणि सोमवारी न्यायाधीशांपुढे स्वतः जाऊन सांगणार, आदेश मी मोडला. ओलेटाचा यात दोष नाही, तिला शिक्षा करू नका, जे काही करायचं ते मला करा. बिस्किटं पर्समध्ये ठेवली आहेत. भीती वाटते, फार वाटते. या वयात सनद गेली तर मी काय करीन? मला दुसरं काही येत नाही. पण ती भीती आणि ही भीती दोन तागड्यांत घालून पाहिली, आणि तागडी कुठे झुकते ते तूच पाहतो आहेस.

तुला न सांगितलेली आणखी पत्रं आहेत. शिवणाच्या पेटीत. ईस्टरच्या त्या खुर्चीवरून पर्स उचलते. तू येऊन बस, मग वाचून दाखवीन.

हे पत्र मी पहाटे निघून, तू कामावर जायच्या आधी जुनेलच्या हातात देते आहे. तू घेणार नाहीस म्हणून तिच्या. ती तुला वाचायला लावील. मी रस्त्यापलीकडे गाडीत बसून आहे. येऊन भांडलास तरी चालेल.

उत्तर लवकर लिही, माझ्या राजा. आजच लिही. लांबलचक नको, खुशाली नको, माफी तर नकोच. दुपारी एक ओळ खरडून जुनेलजवळ दे: "डबा ट्रकमध्ये खाल्ला." मी ती घेतल्याशिवाय गावातून हलणार नाही.

तुझी सिस,
अर्डिथ क्रेनशॉ

प्रत: न्यायाधीश ॲबरनॅथी
प्रत: मि. व्हिटफील्ड, कंपनीचे वकील